बुरशीचे देणे-घेणे

कोल्हापुराहून निपाणीकडे निघाले म्हणजे कागल मागे पडते, दूधगंगेचा पूल येतो आणि कर्नाटकाच्या हद्दीत शिरताच कोगनोळी लागते. आमच्या वाचकांपैकी अनेकांनी हे गाव टोल नाक्यावर गाडी थांबली तेवढ्यापुरतेच पाहिले असेल. 2021 साली मात्र या नाक्याचे नाव वर्तमानपत्रांतून वारंवार वाचावयास मिळत होते. करोनाच्या साथीत महाराष्ट्रातून येणाऱ्याजवळ चाचणीचा दाखला आहे की नाही हे येथे पाहिले जाई, आणि नसेल त्यास माघारी धाडले जाई. त्याच उन्हाळ्यात देशभर आणखी एका रोगाची भीती पसरली. लोक त्याला ‘काळी बुरशी’ म्हणू लागले. तिच्यापाशी दाखला मागण्याची सोय नव्हती. नाक्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या मातीत, कुजत्या पाल्यात आणि उकिरड्यात ती आधीपासूनच नांदत होती.

डॉक्टर या रोगास म्युकरमायकोसिस म्हणतात. जूनअखेरपर्यंत देशात त्याचे 40,845 रुग्ण आढळले होते आणि 3,129 जण दगावले होते, असे केंद्र सरकारने तेव्हा सांगितले. त्या रुग्णांपैकी 26,187 जणांना मधुमेह होता. हा शेवटचा आकडा आम्हास सर्वांत बोलका वाटतो. हा रोग उत्पन्न करणाऱ्या रायझोपस जातीच्या बुरशीचे बीजाणू आपण सारेच रोज श्वासाबरोबर आत घेत असतो. शिळ्या पावावर जी राखी लव धरते, ती पुष्कळदा हिचीच. निरोगी शरीर तिला थारा देत नाही. परंतु रक्तात साखर वाढलेली, त्यात स्टिरॉइडांचा मारा झालेला आणि साथीने शरीर खंगलेले, असे घर मिळाले की तीच बुरशी नाकातून डोळ्यांकडे आणि मेंदूकडे सरकते. ‘काळी’ हे नावही तिचे नव्हे. रक्तपुरवठा तुटून मेलेले मांस काळे पडते, त्यावरून ते पडले.

बुरशी तीच आणि तिला मिळालेले घर निराळे, एवढा भेद लक्षात ठेवला तर या विषयातील पुष्कळशा गोष्टी उलगडतात. या महिन्यात तिच्याविषयी चार गोष्टी सांगाव्यात असे आम्ही योजिले आहे.

शाळेत आपण बुरशीला वनस्पतींच्या रांगेत बसविले होते. शास्त्रज्ञांनी तिला तेथून केव्हाच उठविले आहे. तिच्या अंगी हरितद्रव्य नाही, त्यामुळे उन्हातून अन्न करता येत नाही. तिच्या पेशींची भिंत ज्या कायटिनची बनलेली असते, ते द्रव्य खेकड्याच्या कवचात आणि झुरळाच्या पाठीवर सापडते. नात्याने ती झाडांपेक्षा प्राण्यांना अधिक जवळची आहे. मात्र तिचे जेवण उफराटे. आपण अन्न पोटात घेऊन पचवितो. ती पाचकरस बाहेर सोडून अन्न जागच्या जागी विरघळविते आणि मग शोषून घेते. आपल्याला दिसते ती लव किंवा छत्री म्हणजे तिचा मोहोर होय. खरा देह केसाहून बारीक अशा तंतूंचा असतो आणि तो मातीत, लाकडात किंवा दाण्याच्या आत पसरलेला असतो.

हे जेवण नसते तर काय झाले असते, याचा अंदाज उसाच्या फडात चांगला येतो. कोगनोळी, निपाणी, कागल हा सारा पट्टा उसाचा. तोड झाली की एका हेक्टरात आठ-दहा टन पाचट मागे राहते. पुष्कळ शेतकरी ते पेटवून देतात, आणि हिवाळ्याच्या संध्याकाळी महामार्गावरून जाताना तो धूर डोळ्यांना झोंबतो. पेटविणाऱ्यास घाई असते, खोडव्याला पाणी द्यावयाचे असते, पाचटात पाय अडकतात, उंदीर-सापांचे भय असते. हे सारे खरे आहे. परंतु पाचटातील आणि लाकडातील जो चिवट भाग, ज्यास लिग्निन म्हणतात, तो नीट फोडण्याची विद्या सृष्टीत प्रामुख्याने बुरशीपाशीच आहे. हेक्टरभर पाचटावर 80 किलो युरिया, 100 किलो सुपर फॉस्फेट आणि 10 किलो कुजविणारे संवर्धन टाकून ओल राखली, तर तेच पाचट शेताचे खत होते, अशी कृषी शास्त्रज्ञांची शिफारस आहे. काडी ओढली की काही मिनिटांत वर्षभराची पुंजी आकाशात जाते. ज्याच्याकडे चार जनावरे नाहीत आणि शेणखत विकत घ्यावे लागते, त्याने तरी हा व्यवहार करू नये असे आमचे मत आहे.

जमिनीखाली आणखी एक भागीदारी चालते. जोंधळा, ऊस, तूर अशा पिकांच्या मुळांत काही बुरश्या शिरून राहतात, आपले तंतू दूरवर पसरवून स्फुरद आणून देतात आणि मोबदल्यात साखर घेतात. 1885 साली फ्रँक नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने या जोडीस ‘मायकोरायझा’ असे नाव दिले. पृथ्वीवरील सुमारे चार पंचमांश वनस्पतींची अशी भागीदारी असते असे मानतात.

आता दुसरी बाजू. काणी हा शब्द आमच्या जुन्या वाचकांना नवा नाही. जोंधळ्याच्या कणसात दाण्यांच्या जागी काळी भुकटी भरते. तिचे बीजाणू चांगल्या दाण्यांना चिकटून पुढल्या वर्षीच्या पेरणीत जातात. पेरणीपूर्वी किलोभर बियाण्याला चार ग्रॅम गंधक चोळावे, एवढ्या स्वस्त उपायाने ही काणी रोखता येते. उसाची काणी निराळी. तिच्यात शेंड्यातून काळा चाबूक निघतो, आणि रोग बेण्याच्या पोटात दडलेला असल्याने वरून काही चोळून भागत नाही. कांड्या 50 अंश उष्णतेच्या पाण्यात दोन तास ठेवाव्या लागतात.

तांबेऱ्याची गोष्ट अलीकडची आहे. सोयाबीन हे पीक या भागात रुजले आणि पैसा देऊ लागले, तोच 1990 नंतरच्या दशकात कृष्णाकाठी त्यावर तांबेरा आला. पानांच्या पाठीवर विटकरी पूड धरायची, पाने पिवळी पडून गळायची आणि शेंगा भरण्यापूर्वीच शेत उघडे व्हायचे. बेळगाव जिल्ह्यातील उगार खुर्द हे गाव एरवी साखरेसाठी प्रसिद्ध. तेथे हा तांबेरा इतका हमखास येतो, की नवा वाण तांबेऱ्याला टिकतो का हे पाहण्यासाठी संशोधकांनी तेच ठिकाण निवडले. धारवाडच्या कृषी विद्यापीठाचा डीएसबी 21 आणि सांगलीजवळच्या कसबे डिग्रज केंद्राचे फुले अग्रणी, फुले संगम हे वाण अशा खटपटीतून पुढे आले. सीमेच्या एका अंगास धारवाड आणि दुसऱ्या अंगास डिग्रज. वाऱ्यावरून येणाऱ्या बीजाणूंना ही सीमा ठाऊक नाही, आणि वाण निवडताना ती शेतकऱ्यालाही आठवत नाही. या बुरशीला जिवंत हिरवे पान लागते, मेलेल्या पाल्यावर ती जगत नाही. म्हणूनच ज्या भागात तांबेरा येतो तेथे उन्हाळी सोयाबीन घेऊ नये असे सांगतात. दोन पावसाळ्यांच्या मधला तिचा मुक्काम त्यामुळे मोडतो.

काणी आणि तांबेरा पीक खातात, आणि नुकसान डोळ्यांना दिसते. यापुढे सांगावयाचे ते डोळ्यांना न दिसणारे आहे, आणि ते शेतापेक्षा आपल्या स्वयंपाकघराशी अधिक संबंधित आहे.

आपल्यापैकी कित्येकांच्या घरी, मग ते घर बडोद्यात असो, इंदुरात असो वा हैदराबादेत, अजूनही गावाकडून शेंगांचे पोते येते. शेंगदाण्याच्या चटणीवाचून आणि कुटावाचून आपले पान वाढले जात नाही. भुईमुगाची वेल भाद्रपद-आश्विनात उपटतात, आणि नेमका तेव्हाच परतीचा पाऊस गाठतो. खळ्यावर भिजलेल्या, कुदळीने फुटलेल्या किंवा किडीने पोखरलेल्या शेंगेत ॲस्परजिलस फ्लेव्हस नावाची हिरवट-पिवळी बुरशी शिरते. शेवटच्या महिन्यात पावसाने ओढ दिली असेल, तर ती जमिनीतच शिरलेली असते. ही बुरशी एक विष तयार करते. तिच्याच नावावरून त्यास अफलाटॉक्सिन म्हणतात.

हे विष 1960 साली इंग्लंडात ध्यानात आले. तेथे काही महिन्यांत सुमारे एक लाख टर्की पक्षी मेले. रोग सापडेना. शेवटी माग लागला तो त्यांना चारलेल्या ब्राझीलच्या शेंगपेंडीचा. पक्ष्यांची गोष्ट म्हणून आपण ती सोडून देऊ. 1974 च्या अखेरीस पंचमहाल आणि बांसवाडा या जिल्ह्यांतील भिल्ल वस्त्यांत जे घडले, ते मात्र सोडून देता येत नाही. अवेळी पावसाने मका भिजला, घरात रचला गेला आणि त्यावर बुरशी चढली. खाण्यास दुसरे काही नव्हते. कावीळ झाली, पोटात पाणी झाले. पाहणी झालेल्या 397 रुग्णांपैकी 106 जण मरण पावले. त्या घरांतील कुत्र्यांनाही तोच आजार झाला, कारण ती त्याच भाकरीच्या तुकड्यांवर जगत होती. पंचमहाल बडोद्यापासून फार लांब नाही. बडोद्याच्या आमच्या ज्येष्ठ वाचकांपैकी कोणास ते दिवस आठवतही असतील.

अशा मोठ्या मात्रेने माणूस आठवड्यांत दगावतो. थोडी थोडी मात्रा वर्षानुवर्षे पोटात गेली तर यकृताचा कर्करोग होण्याचा धोका वाढतो, आणि ज्यास कावीळ ब चा संसर्ग आहे त्यास तो कितीतरी अधिक. या विषास चव नाही, वास नाही. शिजविल्याने ते जात नाही. भाजल्याने काही अंशी कमी होते, नाहीसे होत नाही. वरची बुरशी पुसून, धुऊन, उन्हात टाकून दाणे पुन्हा वापरावेत ही आपल्या घरांतील रीत आहे. तिच्यामागे काटकसर आहे, अन्नाविषयी आदर आहे, आणि दुष्काळ पाहिलेल्या पिढ्यांची आठवण आहे. त्या रीतीस हसण्याचे आमच्या मनात नाही. परंतु पुसली जाते ती बुरशी. विष दाण्यातच राहते.

आणखी एक रीत याहून वाईट. आपल्याला टाकवत नाही म्हणून असे धान्य गुरांपुढे ठेवावयाचे किंवा मोलकरणीच्या पदरात घालावयाचे. गाई-म्हशीने खाल्लेले अफलाटॉक्सिन थोडे रूप पालटून दुधात उतरते, आणि ते दूध संध्याकाळी आपल्याच घरातील लहान मुलाच्या पेल्यात येते. मोलकरणीच्या मुलाच्या पेल्यात दूध नसेल, पण ताटात तेच दाणे असतात. दान म्हणून देण्याजोगी ही वस्तू नाही. ती पुरून टाकावी.

सुदैवाने गृहिणीच्या हातात उपाय आहेत आणि ते जुनेच आहेत. शेंग कानाशी धरून हलवावी; दाणा आत खुळखुळला तर ती वाळली आहे. पोते दमट भिंतीला टेकवून किंवा फरशीवर ठेवू नये, खाली फळी असावी. शेंगा शक्य तोवर टरफलासकट ठेवाव्यात आणि लागतील तशा फोडाव्यात. आणि निवडणे! सुपात घेतलेल्या शेंगदाण्यांतील सुरकुतलेले, डागाळलेले, रंग गेलेले आणि खवट दाणे वेचून टाकले, की विषाचा बराच मोठा हिस्सा त्यांबरोबर बाहेर जातो. कारखान्यांतून आता यंत्राचे डोळे हेच काम करतात. कूट विकत घेताना मात्र कोणते दाणे दळले गेले हे कळावयास मार्ग नाही, म्हणून ते घरीच करावे असे आम्ही सुचवू. घाण्याच्या तेलाचे सध्या मोठे कौतुक होते. ते चवीला उत्तम असते यात शंका नाही, परंतु शुद्धीकरणात जे विष निघून जाते ते घाण्यात निघत नाही. तेव्हा घाण्यावर नेण्याचे दाणे तितकेच निवडलेले असावेत.

बाजरीत अर्गट नावाची बुरशी दाण्याच्या जागी काळपट गाठी धरते; त्या खाल्ल्या की मळमळते, घेरी येते. दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळून त्यात बियाणे टाकले तर गाठी वर तरंगतात. खाली बसलेले बियाणे स्वच्छ पाण्याने धुऊन, वाळवून पेरावे. युरोपातील राय या धान्यावरील अर्गटाने मध्ययुगात गावेच्या गावे पांगळी केली. त्याच गाठींतून पुढे अर्गोमेट्रीन निघाले, आणि बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवून त्याने कित्येक आयांचे प्राण वाचविले.

औषधांचा विषय निघाला म्हणजे पेनिसिलीन ओघाने आलेच. 1928 साली फ्लेमिंगच्या बशीत उतरलेल्या बुरशीची कथा आमच्या वाचकांस पाठ असेल. पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना 1954 साली उभा राहिला आणि पेनिसिलीन देशात तयार होऊ लागले, हेही ठाऊक असेल. परंतु त्या कारखान्यातील एका माणसाविषयी फारसे बोलले जात नाही. ते म्हणजे कन्नड मुलखातून आलेले कवकशास्त्रज्ञ एम. जे. तिरुमलाचार. बुरशीपासून औषध मिळाले, आता खुद्द बुरशीवर औषध हवे, या शोधात त्यांनी पिंपरीच्याच मातीतून एक सूक्ष्मजीव वेगळा काढला. त्याचे नाव स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना, आणि त्यापासून मिळालेले औषध हमायसिन. कारखान्याच्या नावाची आद्याक्षरे त्यात गुंफलेली आहेत. (स्ट्रेप्टोमायसीस हा नावाने कवक, पण जातीने जिवाणू. दह्याचे श्रेयही पुष्कळ जण बुरशीला देतात, ते काम जिवाणूंचे.) पिकांवरील बुरशीसाठी ऑरिओफंगिन हे औषधही तिरुमलाचारांच्या प्रयोगशाळेतून बाहेर आले. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत बुरश्यांचा राष्ट्रीय संग्रह आहे. ज्यांच्या नावाने ही संस्था ओळखली जाते ते शंकर पुरुषोत्तम आघारकर मूळचे मालवणचे.

बुरशीवरील औषधांच्या बाबतीत आपण सध्या जे करीत आहोत, ते मात्र चिंताजनक आहे. गजकर्ण, नायटा हे पूर्वी साधे मलम लावून बरे होणारे विकार. गेल्या काही वर्षांत ते महिनोन् महिने हटत नाहीत, घरातील सर्वांना धरतात, नेहमीच्या गोळ्यांना दाद देत नाहीत. याला कारण झालेल्या एका बुरशीस 2020 साली शास्त्रज्ञांनी नाव दिले, त्यात ‘इंडो’ हा शब्द आहे. आपल्या देशाचे नाव अशा ठिकाणी वाचावे लागणे फारसे भूषणावह नाही. औषधाच्या दुकानात चिठ्ठीवाचून मिळणाऱ्या पुष्कळ मलमांत बुरशीच्या औषधाबरोबर तीव्र स्टिरॉइड असते. खाज दोन दिवसांत थांबते, म्हणून लावणारा खूश होतो. कातडीची प्रतिकारशक्ती मात्र दबते आणि बुरशी आत पसरते. शेजारणीने दिलेली अर्धी नळी वापरू नये, आणि डॉक्टरांनी सांगितलेले औषध, डाग दिसेनासा झाला तरी, सांगितले तितके दिवस घ्यावे.

स्वयंपाकघरात आपण बुरशी नकळत किती वापरतो, हेही सांगावयास हवे. ढोकळ्यात आणि सरबतात पडणारे लिंबाचे फूल आज लिंबापासून होत नाही. साखरेच्या पाकावर काळी बुरशी वाढवून ते काढतात. ही काळी बुरशी निराळी, ॲस्परजिलस नायजर. आणि मसाल्यातील दगडफूल? ते फूलही नव्हे आणि दगडाचेही नव्हे. एक बुरशी आणि एक शेवाळ यांनी मिळून थाटलेला तो संसार. घर बुरशीचे, रांधणे शेवाळाचे. 1867 साली श्वेंडनर नावाच्या स्विस शास्त्रज्ञाने हे सांगितले, तेव्हा त्याची थट्टा झाली. आपल्या आज्या ते त्यापूर्वीही कढईत तेलावर परतीत होत्या.

राहता राहिली अळंबी. पहिल्या पावसानंतर आणि पुढे श्रावणात वारुळांपाशी जी पांढरी अळंबी उगवते, ती वाळवीची शेती असते. वाळवी पालापाचोळा चघळून वारुळात मधाच्या पोळ्यासारखे वाफे रचते, त्यांवर बुरशी वाढविते आणि तिने पचविलेले अन्न खाते. माणसाला ही शेती अजून साधलेली नाही. बाजारात मिळणारी धिंगरी आणि बटण अळंबी निराळ्या जातींची. गोवा विद्यापीठातील डॉ. नंदकुमार कामत यांनी वारुळावरील अळंबीचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. कोकणात आणि गोव्यात पावसाळी दिवसांत ती पानांत बांधून रस्त्याकडेला विकावयास येते.

अळंबी विषारी आहे की नाही हे ओळखण्याच्या काही युक्त्या घरोघरी सांगितल्या जातात: चांदीचा रुपया टाकावा, तो काळा पडला तर विषारी, लसूण घालून पाहावी, किडीने खाल्लेली असेल तर बिनधोक. यांपैकी एकही खरी नाही. सर्वांत घातक जातींचे विष शिजवून जात नाही, आणि त्याची लक्षणे खाल्ल्यावर सहा ते चोवीस तासांनी दिसतात. उलट्या-जुलाब होतात, मग एक-दोन दिवस बरे वाटते, आणि त्यानंतर यकृत निकामी होऊ लागते. ज्या घरी आईकडून लेकीकडे ओळख आली आहे आणि त्याच रानातील त्याच दोन-तीन जाती वेचल्या जातात, तेथे ती खुशाल खावी. आपण गाव सोडून परमुलखात राहणाऱ्यांनी मात्र तेथील रानात तिच्यासारखी दिसणारी छत्री पाहून हात लावू नये; गावाकडची ओळख तेथे उपयोगी पडेलच असे नाही. चुकून खाल्ली गेलीच, तर उलट्या थांबल्या म्हणून स्वस्थ बसू नये. उरलेला तुकडा कागदात गुंडाळून सोबत घ्यावा आणि तडक इस्पितळ गाठावे.